हलवलं की सांगायचं

दुकानात त्याला सगळे मांडणीवाला म्हणत. कापडाच्या त्या तीन मजली दुकानाच्या रस्त्याकडच्या पाच मोठ्या काचा त्याच्या ताब्यात होत्या. काचेमागे पुतळे उभे करायचे, त्यांना कपडे चढवायचे, मागे पडदा, बाजूला एखादी खुर्ची, वरून दिवा. मग बाहेर फुटपाथवर जाऊन मान तिरकी करून बघायचं, पुन्हा आत यायचं, पुतळ्याचा हात चार बोटं वर करायचा आणि पुन्हा बाहेर. सव्वीस वर्षं तो हेच करत होता. त्याचा एक नियम होता आणि तो ऐकवून ऐकवून त्यानं हाताखालच्या लोकांना वीट आणला होता. "आधी सगळं मांडा. मग त्यातलं निम्मं काढा. उरतं ते दिसतं." धंद्यापुरतं ते खरंही होतं. घाईनं चाललेली माणसं त्याच्या काचेसमोर थबकत असत. पण धंदा माणसानं दुकानात ठेवून घरी यावं. यानं तो घरी आणला.

काय झालं ते सांगायचं तर आधी त्याच्या बाबांबद्दल सांगायला हवं.

बाबा कुलपं दुरुस्त करायचे. चौकातल्या एका खोपटाएवढ्या दुकानात बसून त्यांनी अर्ध्या शहराच्या किल्ल्या घासल्या होत्या. बावन्नाव्या वर्षी त्यांचे डोळे अधू व्हायला लागले. आधी कडेचं दिसेना, मग अंधारात दिसेना, मग उजेडातही धूसर. डॉक्टर झाले, थेंब झाले, एक ऑपरेशन झालं. चार वर्षांत सगळं विझलं. पण ती चार वर्षं आईनं फुकट जाऊ दिली नाहीत. थोडं दिसतंय तोवर घर हातानं पाठ करून घ्यायचं, असं तिनं ठरवलं आणि नवऱ्याच्या मागे हात धुऊन लागली. "आता डोळे मिटा. कपाटापासून टेबल किती?" "तीन पावलं." "उघडा. बघा, अडीच." रोज संध्याकाळी तासभर ही शाळा. बाबा चिडायचे, ओरडायचे, एकदा तर त्यांनी खुर्ची लाथाडली. आईनं ती उचलून होती तिथंच ठेवली आणि म्हणाली, "पुन्हा."

त्याच काळात तिनं घराला एक कायदा लावला. घरात काहीही हललं की मोठ्यानं सांगायचं. खुर्ची ओढली, "खुर्ची हलवली!" बादली बाथरूमच्या दारात ठेवली, "बादली दारात!" दार एक तर पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद, अर्धवट कधी नाही. मांडणीवाला आणि त्याची ताई या कायद्यातच मोठे झाले. ताई लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तरी तिथं खुर्ची सरकवताना तिच्या तोंडून "हलवली!" निघून जायचं आणि सासरचे बघत राहायचे.

तर असे हे बाबा. चौथ्या मजल्यावरच्या त्या तीन खोल्यांत ते असे वावरायचे की बघणाऱ्याला शंका येऊ नये. डाव्या हाताची पाठ कपाटाला घासत निघायचे, मग टेबलाची कड, मग तीन खुर्च्यांच्या पाठी, त्यातली तिसरी जरा डुगडुगणारी, ती आली की उजवीकडे वळायचं, जुनी पेटी गुडघ्याला लागली की समोर स्वयंपाकघर. स्वतःचा चहा स्वतः करायचे. कप भरत आला की बोटानं बघायचे नाहीत, आवाजावर थांबायचे.

आणि घरात नवा पाहुणा आला की यांना भलताच जोर चढायचा. "या, घर दाखवतो," म्हणून ते त्याला हिंडवून आणायचे. ही खोली, ही गच्ची, जपून बरं का, उंबरा आहे. समोर ती निळी टाकी दिसतेय ना, तिच्या मागे नदी. पाहुणा माना डोलवायचा. घरचे सगळे ओठ दाबून बसायचे. चहा संपून निघायच्या वेळेला कुणीतरी सांगायचं की बाबांना दिसत नाही, आणि मग पाहुण्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. एकदाच एकानं त्यांना पकडलं. म्हणाला, "काका, टाकी तर पिवळी आहे." बाबांनी आत हाक मारली, "अगं, टाकीला रंग दिला आणि मला कुणी सांगितलं नाही!" आई हसून हसून खाली बसली होती.

आई गेली त्याला सहा वर्षं झाली. त्यानंतरही बाबा तसेच फिरत होते, तसेच घर दाखवत होते. हे सगळं मांडणीवाल्यानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं, कुणी ऐकवलेलं नव्हे. म्हणून तर त्याचा राग येतो.

झालं असं की दुकानाच्या मधल्या काचेत त्यानं एकदा जपानी थाटाची खोली उभी केली. कागदी सरकतं दार, बांबूचा पडदा, बुटकं टेबल, एक कागदी दिवा, बाकी सगळं रिकामं. लोकांनी फोटो काढले, साहेबांनी पाठ थोपटली, आणि याच्या डोक्यात घर करून बसलं की आपलं घरही असंच हवं. त्याची बायको शाळेच्या प्रयोगशाळेत काम करायची, बाटल्यांना चिठ्ठ्या लावणारी, नेमकी बाई. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "अहो, बाबांना विचारलंत का?"

"त्यांच्यासाठीच तर करतोय," तो म्हणाला. आणि त्याला ते मनापासून वाटत होतं, हीच यातली वाईट गोष्ट. त्यानं हिशेब मांडला होता. सरकतं दार कधी अर्धवट उघडं राहून कपाळाला लागत नाही. टेबल बुटकं, त्याला टोकं नाहीत, कोपरे गोल. खुर्च्याच नाहीत, मग अडखळायचं कशाला? पेटी नाही, कपाट भिंतीच्या आत. खाली मऊ गवती चटया, पडलेच तर लागणार नाही. "रिकाम्या घरात माणूस कशाला धडकेल?" तो म्हणाला.  ऐकायला ते बरोबरच वाटत होतं.

"पण सांगा तरी त्यांना," ती म्हणाली.

"सरप्राइज देऊ."

धूळ खोकल्याला वाईट, या नावाखाली बाबांना अडीच महिने ताईकडे पाठवलं. आठवड्यातून दोनदा त्यांचा फोन यायचा.

"काय चाललंय रे घरात?"

"रंग देतोय, बाबा."

"कपाट हलवलंस तर सांग हं मला. परत जागेवर ठेवताना भिंतीला टेकवून ठेव."

"हो, हो."

त्या वेळी कपाट सुतारानं फोडून नेलेलं होतं. टेबलाचं लाकूड चांगलं निघालं म्हणून त्यातून त्यानं नव्या सरकत्या दारांच्या चौकटी केल्या होत्या. खुर्च्या आणि पेटी भंगारवाल्यानं उचलली होती. ज्या घरात बादली हलली तरी ओरडून सांगायचं, त्या घरात अख्खं घर हललं आणि कुणी ब्र काढला नाही.

घर झालं मात्र देखणं. ते नाकबूल करण्यात अर्थ नाही. दुपारचं ऊन कागदी दारांवर पडलं की सगळी खोली दुधासारखी उजळायची. भिंतीवर शाईनं काढलेला एकच डोंगर. कोपऱ्यात उथळ कुंडीत एक बुटकं झाड, जवळ काळे गुळगुळीत गोटे. मांडणीवाला दारात उभा राहायचा, मान तिरकी करायचा आणि खूश व्हायचा. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता त्यानं दुकानातल्या लोकांना बोलावलं. साहेब सपत्नीक येणार होते. "आमचे बाबाच घर दाखवतील तुम्हाला," असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि साहेबांना तेवढं बाजूला घेऊन गंमत काय ती सांगितली होती. साहेबांच्या बाईंना मात्र कळू द्यायचं नव्हतं.

शुक्रवारी ताईच्या नवऱ्यानं बाबांना आणून सोडलं. दारातच बाबा थांबले, नाक वर करून म्हणाले, "नव्या लाकडाचा वास येतोय."

"चला, दाखवतो," मुलगा म्हणाला. दंडाला धरून त्यानं त्यांना सगळीकडे फिरवलं, आणि तोंड सारखं चालू. हे असं आहे, ते तसं आहे, इथून उजेड कसा येतो.  एका ठिकाणी बाबांनी हात पुढे केला, तर कागद लागला. त्यांनी बोटं लगेच मागे घेतली.

"हे फाटेल की रे."

"नाही फाटत, चांगला जाड आहे. आवडलं ना?"

"तू केलंयस म्हणजे चांगलंच असणार," बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "टेबल कुठंय?"

"टेबल काढलं, बाबा. आता मोकळं आहे सगळं. कुठंही चाला, काही आडवं येणार नाही."

"बरं," बाबा म्हणाले.

शनिवारी सकाळी बायको हळूच म्हणाली, "बाबा खोलीतून बाहेर आले नाहीत हो. मी चहा नेऊन दिला. बाथरूमला जाताना मला हाक मारली त्यांनी. कधी मारत नाहीत."

"प्रवासाचा शीण असेल," तो म्हणाला. तो तेव्हा कागदी दिव्याची उंची ठरवत होता. एक बोट वर, एक बोट खाली. 

पाहुणे वेळेवर आले. सगळ्यांनी दारातच आ वासला. साहेबांच्या बाईंनी गालावर हात ठेवला. "अगं बाई, हे घर आहे की चित्र!" दुकानातल्या दोघांनी लगेच फोन काढले. कुणी दार सरकवून बघितलं, कुणी खाली बसून बघितलं, साहेबांना बसल्यावर उठता येईना म्हणून हशा झाला. मांडणीवाल्याच्या अंगात कौतुकाचं भरतं आलं होतं. हातात पेयांचा ट्रे घेऊन तो म्हणाला, "थांबा, थांबा. खरं घर तर बाबा दाखवणार आहेत." आणि आत तोंड करून हाक मारली, "बाबा! पाहुणे आलेत!"

 मग सरकत्या दाराची पट्टी चाचपल्याचा आवाज झाला. बाबा बाहेर आले. इस्त्रीचा सदरा, विंचरलेले केस, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं नेहमीचं हसू. त्यांना नाही म्हणता आलं असतं. पण मुलानं चार लोकांत हाक मारली होती, आणि बाबांनी आजवर कुणाही पाहुण्याला घर दाखवायचं नाकारलेलं नव्हतं.

"या, या," ते म्हणाले. डावा हात त्यांनी सवयीनं बाजूला सोडला, हाताची पाठ जिथं कपाट असायचं तिकडे. हाताला काही लागलं नाही. तरी ते निघाले. एक पाऊल, दुसरं, आणखी अर्धं. इथं टेबलाची कड यायची. हात तसाच पुढे राहिला. चटयांनी पावलांचा आवाज गिळून टाकला होता, त्यामुळे भिंत कुठं आणि खोली कुठं संपते हे कानालाही कळत नव्हतं. ते उजवीकडे वळले, बहुधा जास्तच वळले, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"ही... ही खिडकी," बाबा म्हणाले. "समोर टाकी दिसतेय ना, पिवळी, तिच्या मागे नदी."

ते त्या शाईच्या डोंगराकडे हात करून बोलत होते.

बाई खळखळून हसल्या. "किती मिश्कील आहेत हो तुमचे वडील!"

बाकी कुणी हसलं नाही. साहेबांनी मान खाली घातली. हसण्याचा आवाज पाठीमागून आला हे बाबांना कळलं आणि पाहुणे आपल्यासमोर नाहीत हेही कळलं. ते आवाजाच्या दिशेनं वळायला गेले, पायाखाली काळे गोटे आले, पाऊल घसरलं, तोल सावरायला हात वर गेला तो कागदी दारात. कागद टर्रकन फाटला. बाबा पडले नाहीत. ते नुसते उभे राहिले, कोपरापर्यंत हात दारात, घराच्या मधोमध. अडतीस वर्षं राहिलेलं घर ते.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "कुणी आहे का इथं?"

त्यांच्या चारही बाजूंना मिळून सहा माणसं उभी होती.

मांडणीवाल्याला वाटलं, आपण पुढे व्हावं. पण ट्रे धरून तो जागीच उभा राहिला.  पुढे झाली ती त्याची बायको. तिनं फाटलेल्या कागदातून त्यांचा हात सोडवला, आपल्या दंडावर घेतला आणि म्हणाली, "बाबा, मी आहे. चला." जाता जाता बाबा पाहुण्यांच्या दिशेनं, जिथं ते असतील असं त्यांना वाटलं तिथं, तोंड करून म्हणाले, "माफ करा हं. घर नवीन आहे, माझं अजून बघायचं राहिलंय." बाई एव्हाना पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पाहुणे पंधरा मिनिटांत गेले.

पुढचं सगळं त्यानं जमेल तितकं केलं. त्याच्या चांगुलपणावर शंका घ्यायची नाही. चटया दुसऱ्याच दिवशी गुंडाळल्या, गोटे फेकून दिले. जुने फोटो काढले, त्यांतून कपाट किती, टेबल किती, हे फूटपट्टी लावून मोजलं आणि त्याच सुताराला बोलावून सगळं नव्यानं करून घेतलं. खुर्च्या तशाच, पेटी तशीच. जागा खडूनं आखून घेतल्या. महिन्याभरानं त्यानं बाबांना बाहेर आणलं, त्यांचा डावा हात कपाटाच्या कडेवर ठेवला आणि बाजूला झाला.

बाबा चालले. कपाट, अडीच पावलं, टेबल. टेबलाच्या कडेवर त्यांनी बोटं फिरवली, वर, खाली, पुन्हा वर. खुर्च्यांच्या पाठींना हात लावला. तिसरी डुगडुगत नव्हती. तिथं ते थांबले.

"हे दुसरं आहे रे," ते म्हणाले.

"माप तेच आहे, बाबा. एक सूतही फरक नाही. थोडे दिवस जातील, होईल सवय."

"नाही व्हायची." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "तेव्हा मला थोडं दिसत होतं. डोळे मिटायचे, चालायचं, उघडून बघायचं. चुकलं की कुठं चुकलं ते दिसायचं. आता उघडून काय बघू? आणि तेव्हा तुझी आई होती पुन्हा म्हणायला."

"मी आहे ना. मी म्हणेन."

"तू म्हणशील." बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो अंदाजानं ठेवल्यामुळे मानेवर पडला. "पण तू अडीच महिने फोनवर रंग देतोय म्हणत होतास, आणि माझा विश्वास बसला होता. आता हाताला टेबल लागतं ना, तरी वाटतं, उद्या असेल का. पाऊलच पुढे पडत नाही रे."

 मांडणीवाला मटकन त्या नव्या खुर्चीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. बाबा शेजारी उभे राहून त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले. समजूत घालायची पाळीही त्यांच्यावरच आली.

त्यानंतर बाबा घरात एकटे फिरले नाहीत. उठायचं असलं की आधी पलंगावरून विचारायचे, "कुणी आहे का?" चहाला, बाथरूमला, गच्चीत बसायला, प्रत्येक वेळी. कुणी असेल तर हात पुढे करायचे. नसेल तर बसून राहायचे. बायकोनं शाळेतली वेळ बदलून घेतली, ताई महिन्यातून आठवडाभर येऊ लागली. मांडणीवाला दुपारचा दुकानातून धावत घरी येऊन जायचा. घरात शिरताना तो आता मोठ्यानं बोलत शिरायचा. चप्पल इथं काढली, पिशवी खाली ठेवली, दार पूर्ण बंद केलं. बाबा "बरं" म्हणायचे.

एका दुपारी तो असाच आला, पण त्या दिवशी चार मजले धावत चढल्यामुळे त्याला धाप लागली होती आणि तो न बोलता आत शिरला. बाबांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते, पाय जमिनीवर टेकलेले, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, उठायच्या तयारीत. किती वेळ तसे बसले होते कोण जाणे. त्यांनी मान थोडी वर केली.

"कुणी आहे का?"

तो तीन पावलांवर होता. त्याला बोलायचं होतं. पण त्या शनिवारची संध्याकाळ एकदम डोळ्यांसमोर आली आणि तो बाबांकडे नुसता बघत राहिला. क्षणभरच. फार तर दोन क्षण.

बाबांनी कान देऊन वाट पाहिली. मग त्यांनी पाय हळूच पुन्हा वर घेतले आणि भिंतीला टेकून बसले.

"बाबा, मी आहे! इथंच आहे!" तो म्हणाला.

"असू दे," बाबा म्हणाले. "काही विशेष नव्हतं."